छपरावरचं कोहळं आणि शिकागोचं कोहळं



रोवणा आटोपला. बांधीत पाणी बरं आहे, निंदणाला अजून वेळ आहे, म्हणून आज जरा लांबलचक लिहितो. विषय धानाचा नाही, कोहळ्याचा आहे.

झालं असं की मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक पोरगा घरी आला. बारावी झालेला, हुशार, बापाची दोन एकर धानाची शेती. मोबाईल पुढं करून म्हणाला, "काकाजी, हे बघा." बघतो तर विदेशातलं कोहळं, बैलबंडीएवढं, यंत्रानं उचलून काट्यावर ठेवून राहिले. पोरगा म्हणाला, "अर्धा एकर मोकळा ठेवतो पुढच्या साली, बी ऑनलाइन मागवतो, बचत गटातून थोडे पैसे उचलतो. एक जरी पाचशे किलोचं निघालं तरी पैसा वसूल." मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, बापू, आधी याची हकिकत ऐक, मग पैसे उचल. त्याला जे सांगितलं तेच इथं नीट मांडून ठेवतो. कारण हा एकटा नाही, असे दरवर्षी दोन-चार विचारतात.

आधी नावापासून. आपल्या झाडीपट्टीत आणि सगळ्या विदर्भात ज्याला आपण कोहळं म्हणतो ते आतून पिवळं-केशरी निघणारं फळ. पुण्या-मुंबईकडे त्याला लाल भोपळा म्हणतात, कुठं डांगर, कुठं काशीफळ. पण कोहळा हे नाव त्याचं नव्हतंच. संस्कृतात कूष्मांड, त्याचा झाला कोहळा, आणि ते नाव होतं राखाडी भुकटी लागलेल्या पांढऱ्या फळाचं, ज्याचा पेठा करतात, घरभरणीला दाराशी टांगतात. "आवळा देऊन कोहळा काढणे" ही म्हण त्या जुन्या कोहळ्याची. आपलं पिवळं कोहळं हे पाहुणं आहे. त्याचं मूळ घर अमेरिका खंड. मिरची, भुईमूग, मका, टमाटर आले त्याच वाटेनं, पोर्तुगीज लोकांच्या जहाजांतून सोळाव्या शतकानंतर हे इकडं आलं असं जाणकार मानतात. आलं, उकिरड्यावर रुजलं, छपरावर चढलं आणि घरमालकाचं नावच घेऊन बसलं. आता आमच्याकडे नुसतं कोहळं म्हटलं की पिवळंच समजतात, आणि खऱ्या कोहळ्याला "पेठ्याचं कोहळं" म्हणून ओळख द्यावी लागते. बोंडं करायला, भाजी करायला, पितरांच्या पानावर, सगळीकडे पाहुणाच पुढं.

आपल्या भागात मोठ्या फळाचं कौतुक त्याच्याही आधीपासून आहे, पण ते वेगळ्या कारणानं. भामरागड, एटापल्लीकडे माडिया लोकांच्या घरी वाळवलेला तुंबा बघितला असेल. दुधीच्याच जातीचं ते फळ, आतून कोरलं की पाणी न्यायला, पेज न्यायला, ताडी ठेवायला भांडं तयार. तिथं फळ मोठं असून भागत नाही. मान बरोबर हातात बसली पाहिजे, बूड टेकलं पाहिजे, साल जाड पाहिजे. म्हणजे बी राखणारा माणूस वजनाकडे न बघता आकाराकडे बघून बी राखत होता. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

माझ्या लहानपणी आमच्या गावात स्पर्धा होती, पण कोणी तिला स्पर्धा म्हणत नव्हतं. मृगाचा पाऊस पडला की आजी उकिरड्याच्या कडेला चार बिया टोचायची, वेल कुडावर चढायचा, तिथून कौलांवर. दसरा-दिवाळीला पानं वाळली की कौलांवर फळं उघडी पडायची आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मान वर करून बघायचा. कोणाच्या छपरावरचं मोठं, हे सगळ्या गावाला ठाऊक. वजन कोणी करत नव्हतं. मोठं कोहळं एका घरात खपत नाही, म्हणून फोडलं की फाका घरोघरी जायच्या. ज्याच्या छपरावरचं मोठं, त्याच्या फाका जास्त घरी, एवढाच त्याचा मान. आणि पहिली सुरी माणसानं लावायची, बाईमाणसानं अख्खं कोहळं फोडायचं नाही, ही रीत आमच्या घरी अजून आहे. माझी सून हसते, पण सुरी माझ्याच हातात देते.

आजीचा दुसरा कायदा होता, कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही, ते सडते. मी बोट मुडपून दाखवायचो. ही समजूत किती जुनी बघा, तुलसीदासांच्या रामचरितमानसात धनुष्यभंगाच्या प्रसंगी लक्ष्मण परशुरामाला सुनावतो, त्यात हेच आहे, की आम्ही काही बोट दाखवल्यानं मरणारं कोवळं कोहळं नाही. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही कोवळी फळं गळत होती आणि लोक बोटावर खापर फोडत होते. खरं कारण मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. मादी फुलाच्या खाली जे छोटं कोहळं दिसते त्याला परागकण नाही मिळाले तर ते पिवळं पडून गळते. झडीच्या दिवसांत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, फुलात पाणी भरते, म्हणून आपल्याकडे भादव्यात इतकी गळ. बोटाचा काही संबंध नाही. उलट बोटच कामी येते. पहाटे नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्यातला दांडा मादी फुलात फिरवायचा. आजी असती तर मला वाडीतून हाकललं असतं.

आता विदेशाकडे जाऊ, कारण वजनाचं वेड तिकडचं आहे.

मला यात सगळ्यात आवडलेला माणूस हेन्री डेव्हिड थोरो. नाव ओळखीचं वाटेल. सरकारचा अन्याय्य कायदा मोडण्यावर त्यानं निबंध लिहिला, तो गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. म्हणजे आपल्या शेजारच्या सेवाग्रामपर्यंत त्या माणसाचा धागा येते. पण हाच थोरो अमेरिकेत काँकॉर्ड गावी राहून बागेत खुरपणीही करायचा. १८५७ साली त्याला सरकारी पेटंट कचेरीकडून मोठ्या पिवळ्या फ्रेंच कोहळ्याच्या बिया मिळाल्या. त्या काळी तिकडं ही कचेरी शेतकऱ्यांना बी वाटायची. त्यानं सहा लावल्या. दोन रुजल्या. एका वेलाला एक फळ आलं १२३ पौंडांच्या वर, म्हणजे ५६ किलो. दुसऱ्या वेलाला चार फळं, मिळून १८६ पौंड. बागेच्या एका कोपऱ्यातून सव्वा-दीड क्विंटल कोहळं निघालं याचंच त्याला नवल. थोडं खत, थोडी खुरपणी, याशिवाय त्यानं काही केलं नव्हतं. मोठं फळ जत्रेत बक्षीस घेऊन गेलं, आणि ज्यानं ते विकत घेतलं तो एकेक बी दहा सेंटला विकणार होता. १८६० साली शेतकऱ्यांच्या सभेत भाषण करताना त्यानं ही हकिकत सांगितली. भाषण होतं जंगल कसं वाढते यावर, आणि कोहळं आलं ते बियाण्यातल्या ताकदीचा दाखला म्हणून.

नवशिक्या माणसासाठी याहून चांगलं उदाहरण मला नाही सापडलं. सहातल्या दोन रुजल्या, यात त्याला हार नाही वाटली. ना कोणाशी शर्यत, ना कर्ज. आणि बी विकून पैसा करणारा माणूस तेव्हाही वेगळाच होता, पिकवणारा वेगळा.

खरा विक्रमवीर त्यानंतर आला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात गॉडरिच गावचा विल्यम वॉर्नॉक. १८९३ साली शिकागोला जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, ज्याच्या जोडीनं भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात वॉर्नॉकचं कोहळं होतं ३६५ पौंडांचं, म्हणजे १६५ किलो. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं ४०० पौंडांचं नेलं. १९०४ साली सेंट लुईला ४०३ पौंड. एकट्या माणसानं आपलाच विक्रम दोनदा मोडला. आणि मग काय झालं असेल? काहीच नाही. पुढं सत्तरच्या वर वर्षं त्या ४०३ पौंडांना कोणी हात लावू शकलं नाही. त्या काळात विमान आलं, अणुबॉम्ब आला, माणूस चंद्रावर जाऊन आला, रासायनिक खताच्या गोण्या घरोघरी पोचल्या, पण कोहळं तिथंच. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बॉब फोर्डनं ४५१ पौंडांचं काढलं तेव्हा तो विक्रम मोडला.

याचा अर्थ मी असा लावतो. निव्वळ खतपाण्यानं वजन एका हद्दीपर्यंतच जाते. पुढची वाट बियाण्यातून आहे. आणि बियाण्याची वाट धीराची आहे.

ती वाट काढली कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानं. हा शास्त्रज्ञ नव्हता, घरची शेती करणारा माणूस. घरच्या शेतातल्या मोठ्या कोहळ्यांपासून सुरुवात करून दरवर्षी सगळ्यात चांगल्या फळांचं बी राखणं, एकाचे पराग दुसऱ्यावर टाकणं, पुन्हा निवडणं, हे काम त्यानं तीसेक वर्षं केलं. १९७९ पासून सलग चार वर्षं तो जिंकला. १९८१ साली त्याचं फळ ४९३ पौंडांच्या वर गेलं, सव्वादोनशे किलो. त्याच्या वाणाचं नाव अटलांटिक जायंट. आज जगात जे काही राक्षसी कोहळं काट्यावर चढते, त्याच्या अंगात डिलच्या शेतातलं बी आहे असं समजा. त्या वाणाला अमेरिकेत कायद्याचं संरक्षणही मिळालं. २००८ साली तो वारला.

डिलबद्दल वाचलं तेव्हा मला पहिली आठवण झाली आपल्या दादाजींची. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर दाण्याच्या. दुसऱ्या कोणी त्या पेंढीत बांधून टाकल्या असत्या. त्यांनी वेगळ्या काढल्या, जपल्या, पुढच्या साली वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून राखल्या, असं वर्षानुवर्षं केलं. त्यातून निघाला तो बारीक, चवीचा एचएमटी तांदूळ, जो आज आपल्या जिल्ह्यातच काय, कितीतरी राज्यांत पिकते. नाव कसं पडलं? बाजारात नाव पाहिजे होतं, तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून ते.

इथं मी थांबतो थोडा, कारण मला हे फार लागलं आहे. मोठी कोहळी लावणाऱ्या त्या विदेशी लोकांत एक पद्धत आहे. फळाचं बी कोणाला दिलं तर पुडीवर लिहितात फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल. बियाणं त्याच नावानं ओळखलं जाते. "२१४५ मॅकमुलिन" असं एक बी त्यांच्यात प्रसिद्ध आहे, म्हणजे मॅकमुलिन नावाच्या माणसाच्या २१४५ पौंडांच्या फळाचं बी. पुढं त्या बीपासून दुसऱ्यानं फळ काढलं तर मादी वेल कोणता, पराग कोणाचे, हेही लिहून ठेवतात. आपल्या घरी बैलाची नाही पण लग्नाच्या वेळी माणसाची पाहतात तशी वंशावळ. शौकाच्या फळाला, जे खायला पाणचट लागते, त्याला एवढा हिशेब. आणि ज्या तांदळानं लाखो घरांतली चूल चालली, त्यावर नाव घड्याळाचं. कृषी विद्यापीठानं त्याच धानाचं शुद्ध केलेलं वाण काढलं त्याचं नाव पीकेव्ही-एचएमटी. आपल्याला श्रेय मिळालं नाही हे दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हातून सन्मान झाला, पुढं विदेशी मासिकात नाव आलं, पण हातात पैसा राहिला नाही. ३ जून २०१८ ला गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले. त्यांच्या नंतरच्या वाणांत एक आहे डीआरके. ती त्यांच्या नावाची आद्याक्षरं. उशिरा का होईना, पुडीवर नाव आलं.

आपल्या देशात २००१ चा कायदा आहे, पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा. त्यात शेतकऱ्यानं काढलेलं, जपलेलं वाण शेतकऱ्याच्या नावानं नोंदवता येते. घरचं बी ठेवणं, पेरणं, बदलणं, विकणंही आपल्या हक्कात आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. दादाजींनी तीन लोंब्या वेचल्या तेव्हा असं काही नव्हतं.

पुन्हा कोहळ्याकडे. डिलचं बी सगळीकडे गेलं आणि आकडे धावायला लागले. १९९६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या झेहर नवरा-बायकोनं हजार पौंड ओलांडले, १०६१. २०१२ मध्ये रॉन वॉलेसनं दोन हजार पौंड ओलांडले. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडचा बेनी मायर १०५४ किलोवर गेला. मग बेल्जियम, इटली, अमेरिका. २०२३ साली ट्रॅव्हिस गिंजरचं १२४६ किलो. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या इयान आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांचं १२७८ किलो. पोरानं मोबाईलवर दाखवलं ते असंच एखादं.

आता या दोन भावांबद्दल एवढंच सांगतो की विक्रम होईपर्यंत ते पन्नास वर्षं कोहळी लावून राहिले होते. पन्नास. पोरं होते तेव्हापासून. आणि तेही काचघरात, नळ्यांनी मोजून पाणी, मातीची तपासणी, रात्री ऊब. असं फळ भरात असताना एका दिवसात वीस किलोच्या आसपास वाढते. तेवढं पाणी आणि तेवढं अन्न त्या एका देठातून जाते. एका वेलाला एकच फळ ठेवतात, बाकी सगळी खुडून टाकतात. वेलाचे सांधे मातीत दाबतात म्हणजे तिथून नवी मुळं फुटतात. फळावर कापडाची सावली, खाली वाळू. एक भेग पडून आत गेली की स्पर्धेतून बाद.

आणि या फळाला पाहिजे थंड उन्हाळा. दिवस मोठा, ऊन मवाळ, रात्र ना थंड ना गरम, असं चार-पाच महिने. आपला चंद्रपूर मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाते, देशातल्या सगळ्यात गरम गावांत नाव येते. त्यानंतर पाऊस असा की मुळं पाण्यात. मग थंडी. त्या फळाला हवे तसे सलग चार महिने आपल्याकडे देवानं ठेवलेच नाहीत. यात लाज कशाची? त्यांच्याकडे मोह होत नाही.

मी हे अंदाजानं नाही बोलत. २०१९ साली नागपूरच्या भाच्यानं मला पाच बिया आणून दिल्या, मामाजी लावून बघा म्हणून. मृगात लावल्या. तीन रुजल्या. एकाला लाल भुंगेऱ्यानं दोन पानांवरच खाल्लं, राख टाकायला मी उशीर केला. एक झडीत बुडापासून सडला. तिसऱ्याला फळ धरलं, नऊ किलोला आलं आणि चार दिवसांच्या उघडीपीनंतर जोराचा पाऊस झाला तर उभं चिरलं. बायको म्हणाली, "एवढे पैसे देऊन नऊ किलोचं फुटकं कोहळं. माझं उकिरड्यावरचं बघा, फुकटातलं बारा किलोचं." खरंच होतं.

दुसऱ्या वर्षी मी बायकोच्याच कोहळ्याचं बी घेतलं. जागा बदलली. बोडीचा गाळ काढला होता, त्यातला दोन बंड्या गाळ आणि शेणखत मिसळून वाडीत उंच आळं केलं, म्हणजे पाणी थांबणार नाही. हा गाळ म्हणजे आपलं खरं धन. गोंड राजांच्या काळापासून आपल्या भागात तलाव बांधणाऱ्याला जमीन देत, त्याला तुकूम म्हणत, चंद्रपुरात त्या नावाची वस्ती अजून आहे. त्या तलाव-बोड्यांत शेकडो वर्षं जंगलाचा पालापाचोळा वाहून येऊन बसला आहे. विदेशात लोक गोण्या भरून जे विकत घेतात ते आपल्याकडे उन्हाळ्यात उघडं पडलेलं असते. त्या साली एका वेलाला एकच फळ ठेवलं, मुळापासून आठ-दहा फुटांवरचं. चौदा किलो भरलं. मी तेव्हा गावभर सांगत फिरलो.

२०२१ सालचं फळ त्याहून मोठं होतं, पण त्याचं वजन मला सांगता येत नाही. वाडीच्या ऐवजी शेतात लावलं होतं. एका रात्री रानडुकरं आली. कुत्री भुंकत होती, मला ऐकू येत होतं. पण त्याच आठवड्यात शेताच्या पांदणीत वाघाचे पंजे उमटले होते. मी कंदील उचलला आणि परत ठेवला. सकाळी बिया आणि सालीचे तुकडे विखुरलेले. आमच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीडकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. धानाच्या जागलीला माणूस जाते ते पोटासाठी. कोहळ्याच्या शौकासाठी रात्री शेतावर जायचं नाही म्हणजे नाही. जे लावायचं ते घराच्या कुडाच्या आत, जिथं बाजेवरून दिसेल.

मग मी मोसम बदलला. पोळ्याच्या आसपास बी लावतो. मोठी झड तोपर्यंत सरलेली असते, वेल पसरते तेव्हा उघडीप, फळ धरते ते दसरा-दिवाळीच्या दरम्यान, मधमाश्याही असतात. भाच्याच्या बियांतली एक उरली होती, तिचा नर आणि आपल्या गावठी वेलाची मादी असं जमवायला गेलो तर फळ धरलंच नाही. दोन वेगळ्या जाती आहेत, सहसा जुळत नाहीत, हे नंतर कळलं. पण गावठीतल्या गावठीत निवड करत गेलो आणि मागच्या साली काट्यावर भरलं २७ किलो. धान मोजायच्या काट्यावर, चार माणसांसमोर. मंडईच्या दिवशी पाव्हणे आले होते, नाटकाला जायच्या आधी सगळे त्याला बघून गेले. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले.

वजनाआधी एक गंमत करायची, ती लहान पोरांना फार आवडते. शिंप्याचा टेप घ्यायचा. फळाभोवती आडवा एक फेर, देठाकडून बुडाकडे जमिनीपासून जमिनीपर्यंत एक माप, आणि तसंच आडवं वरून एक माप. तिन्हींची बेरीज वहीत लिहायची, दर तीन दिवसांनी. विदेशी लोकांकडे या बेरजेवरून वजन सांगणारा तक्ता आहे. तक्ता नसला तरी बेरीज वाढते ते बघण्यातच मजा. माझी नात तिसरीत आहे, तिच्या वहीत कोहळ्याचं पान वेगळं आहे. एका रविवारी बेरीज वाढलीच नाही तर तिनं पाणी कमी पडलं म्हणून मला धारेवर धरलं. बरोबर होती ती.

पैशाचं म्हणाल तर आपल्या आठवडी बाजारात गिऱ्हाईक पाव किलो, अर्धा किलोची फाक घेते. अख्खं घेणारा तीन-चार किलोचं मागते. २७ किलोचं कोणी विकत घेत नाही, ते फोडून वाटायचंच असते. आणि विदेशी राक्षसी जातीचं तर चवीलाही बेताचंच, पाणी जास्त. विकायचं असेल तर लहान, घट्ट, गोड फळाची गावठी जात लावा, त्याचा हिशेब वेगळा, त्यावर नंतर कधी लिहीन.

एवढं सगळं त्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काकाजी, माह्यं किती झालं पाहिजे?" मी म्हटलं, पहिल्या साली फक्त वेल दिवाळीपर्यंत जिवंत ठेवून दाखव. फळ धरलं तर घरच्या मायच्या उकिरड्यावरच्या कोहळ्याहून एक किलो जास्त. तिसऱ्या साली माझ्या २७ ला गाठ. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, बचत गटाचं राहू देतो, एकच आळं करतो.

जाताना त्याला बिया दिल्या, पाच. राखेत घोळून डब्यात ठेवल्या होत्या. वहीचा कागद फाडून पुडी केली, नातीनं पेन आणून दिला, आणि मी पुडीवर वजन, साल आणि नाव लिहिलं. नाव माझं लिहायला गेलो होतो, पण बी मुळात बायकोच्या उकिरड्यावरचं, म्हणून तिचं लिहिलं. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "आता तरी सुरी माझ्या हातात द्याल का जी?"

पोळा जवळ आला आहे. आळी खणून ठेवा, गाळ आणि शेणखत आत्ताच मिसळा म्हणजे तोपर्यंत निवते.